गाडीचं कार्पेट आणि सीट घरी धुताना: डाग परत का येतात आणि पाणी बाहेर कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कापडी सीट असलेली, काही वर्षं वापरलेली गाडी. चालकाच्या पायाखालचं कार्पेट काळं पडलंय, मागच्या सीटवर दुधाचे आणि कॉफीचे डाग आहेत. घरीच शाम्पूचा भरपूर फेस करून सगळं घासलं, वरून पाणी मारलं, फडक्याने पुसून घेतलं. वाळल्यावर गाडी छान दिसली. पण आठवडाभरातच डाग पुन्हा वर आले, कापड हाताला चिकट लागायला लागलं आणि दार उघडलं की कुबट वास येतो. शाम्पू बदलावा, की हे काम घरी जमण्यासारखं नाहीच?

घरी जमतं आणि चांगलं जमतं. शाम्पू बदलून मात्र फरक पडणार नाही. गाड्या आतून साफ करणं हाच माझा व्यवसाय आहे आणि ही तक्रार असलेल्या गाडीत कारण बहुतेक वेळा एकच निघतं: पाणी आणि साबण आत गेला, पण पूर्ण बाहेर आला नाही. ब्रशने मळ सुटतो. सुटलेला मळ ओढून किंवा टिपून घेतला नाही तर तो खाली उतरतो आणि तिथेच राहतो.

कार्पेट वरून पातळ दिसतं. पण त्याची कड उचलून पाहिलीत तर खाली फेल्टचा (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा) किंवा फोमचा चांगला जाड थर दिसेल. आवाज आणि उष्णता अडवायला तो घातलेला असतो. हा थर पाणी झटकन पितो आणि सोडायला मात्र फार वेळ घेतो, कारण त्याच्या खाली पत्रा आणि वर कार्पेट, मध्ये हवा लागायला जागाच नाही. वरचे धागे हाताला कोरडे लागत असतानाही खाली चांगली ओल असू शकते. सीटच्या कापडाखालच्या फोमचंही तेच. पाणी वाळतं ते फक्त धाग्यांच्या वरच्या टोकाशी. दिव्याची वात तेल वर खेचते तसे हे धागे खालचं पाणी वर खेचतात, आणि त्यात मिसळलेला मळ नि साबणही वर येतो. पाणी उडून जातं, मळ टोकाशी साचतो. म्हणजे परत आलेला डाग नवा नाही, धुताना खाली ढकलला गेलेला जुनाच आहे. चिकटपणाही यातूनच येतो. वाळलेल्या साबणाचा थर बूट-चपलांची आणि कपड्यांची धूळ धरून ठेवतो, म्हणून धुतलेला भाग न धुतलेल्या भागापेक्षा लवकर काळवंडतो. कुबट वास ओलीचा. ओल एक-दोन दिवसांच्या वर टिकली की बुरशी धरायला सुरुवात होते.

म्हणून क्रम असा धरा: जेवढं कोरडं निघेल तेवढं कोरडंच काढायचं, उरलेला मळ कमीत कमी पाण्यात सोडवायचा, तो लगेच खेचून घ्यायचा, आणि वाळवण्याला धुण्याइतकंच महत्त्व द्यायचं.

कोरड्या कामाची लोकांना घाई असते, मी मात्र एकूण वेळातला जवळपास निम्मा वेळ त्यालाच देतो. कार्पेटमध्ये असते ती मुख्यतः माती, वाळू आणि बारीक धूळ. कोरडी असेपर्यंत ती व्हॅक्यूमने निघते, पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो फेल्टपर्यंत उतरतो. मॅट आधी बाहेर काढा, त्या वेगळ्या धुवायच्या आहेत. सीट पूर्ण मागे सरकवून पुढची बाजू घ्या, मग पूर्ण पुढे सरकवून मागची. नुसती नळी फिरवून वाळू येत नाही, ती धाग्यांच्या मुळाशी बसलेली असते. एका हातात ताठ केसांचा ब्रश आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी घ्या. ब्रशने धागे उलट दिशेने उचलायचे आणि नळी त्याच्या मागोमाग, अगदी सावकाश. मधूनमधून ब्रशच्या पाठीने कार्पेट थोपटा, तळाची वाळू वर येते. थोपटल्यावर धूळ उडायची थांबली की तेवढा भाग झाला असं समजायचं.

सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळते ती खाच, सीटबेल्टच्या बकलभोवतीची फट, सीट सरकते त्या पट्ट्या आणि मधल्या कन्सोलच्या कडा निमुळत्या तोंडाने घ्या. या खाचांमध्ये अडकलेले खाण्याचे कण राहिले तर नंतर कितीही धुतलं तरी वास जात नाही. पाळीव प्राण्याचे केस व्हॅक्यूमला सहसा दाद देत नाहीत. रबरी हातमोजा किंचित ओलसर करून एकाच दिशेने ओढला की त्यांचे पुंजके होतात, ते हाताने उचलून टाकायचे.

आता ओलं काम. पाणी ओढणारं, म्हणजे वेट अँड ड्राय प्रकारचं व्हॅक्यूम असेल तर काम निम्मं सोपं होतं. दोन-चार दिवसांसाठी भाड्याने किंवा ओळखीत मिळालं तरी चालेल. घरातल्या साध्या कोरड्या व्हॅक्यूमने मात्र पाणी कधीही ओढू नका, मोटर जळू शकते आणि शॉक बसू शकतो. पाणी ओढणारं यंत्र नसेल तर जाड, पाणी शोषणारे पांढरे किंवा फिक्या रंगाचे टॉवेल भरपूर लागतील. अगदी ढीगभर. रंगीत टॉवेलचा रंग सीटला लागू शकतो, शिवाय मळ निघतोय की नाही हे त्यावर कळत नाही.

साबण कोणताही सौम्य चालतो. गाडीच्या कापडासाठी मिळणारा क्लीनर असेल तर बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच पातळ करा. ‘थोडा जास्त घातला तर जास्त साफ होईल’ हा विचार सोडूनच द्या, जास्तीचा साबण धुऊन काढणं हेच पुढचं सगळ्यात कष्टाचं काम होतं. क्लीनर नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण पुरतो. कपडे धुण्याची पावडर टाळा. ती बहुधा अल्कधर्मी असते, तिचे कण पूर्ण विरघळत नाहीत आणि अनेक पावडरींमध्ये कापड उजळ दाखवणारी रसायनं असतात, त्यामुळे धुतलेला भाग वेगळ्या छटेचा दिसू शकतो. जे काही वापराल ते आधी सीटखाली किंवा नजरेआड असलेल्या जागी पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडक्यावर रंग उतरला नाही आणि वाळल्यावर जागा बदललेली दिसली नाही, तरच पुढे जा.

एका वेळी एकच तुकडा घ्या. सीटवर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, पूर्ण. मधला डागच तेवढा ओला केला तर वाळल्यावर त्याच्या कडेने पाण्याचं वर्तुळ उमटतं आणि लोकांना वाटतं डाग मोठा झाला. फवारणी इतकीच करा की कापड ओलसर होईल, ओलंचिंब नाही. तीन ते पाच मिनिटं थांबा. हा वेळ साबणाला लागतोच, त्याशिवाय घासणं म्हणजे नुसती मेहनत. पण वाळू देऊ नका, म्हणून गाडी सावलीत असलेली बरी. मग सीटवर मऊ आणि कार्पेटवर मध्यम ताठ ब्रशने हलक्या हाताने सगळ्या दिशांनी फिरवा. जोर लावून घासलं तर कापडाचे तंतू सुटून वर येतात, त्यांचे बारीक गोळे होतात, आणि ती खराबी कायमची असते. ड्रिलला लावायचे ब्रश मिळतात. ते कार्पेटवर मंद गतीने ठीक आहेत, सीटच्या कापडावर मी ते लावत नाही.

घासून झालं की लगेच खेचायला घ्या. यंत्राचं तोंड कापडावर सपाट दाबून हळू मागे ओढा. पाणी फवारून एकदा फिरवलं तर नुसतं खेचायला तीन-चार वेळा फिरवा, तोंडातून पाणी यायचं जवळपास थांबेपर्यंत. यंत्र नसेल तर टॉवेलची जाड घडी करून तिच्यावर शरीराचा भार टाका, कार्पेटवर असाल तर सरळ गुडघा टेका. दाबायचं, उचलायचं, कोरडी घडी बदलायची, पुन्हा दाबायचं. चोळायचं नाही.

यानंतरची पायरी तुमच्याकडून राहिली असावी असं वर्णनावरून दिसतं: साध्या पाण्याने साबण धुऊन काढणं. नुसतं स्वच्छ कोमट पाणी हलकं फवारा आणि पुन्हा खेचा, येणारं पाणी निवळ दिसेपर्यंत आणि त्याला फेस येईनासा होईपर्यंत. तुमच्या गाडीत आत्ता शाम्पूचा एक थेंबही घालू नका, आतला साबणच अजून निघालेला नाही. कोरडं व्हॅक्यूम केल्यावर एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, या पाण्याने अल्कधर्मी साबणाचा थर सुटायला मदत होते. ते फवारून खेचा, मग साध्या पाण्याने दोनदा-तीनदा. पहिल्या वेळी शाम्पू न घालताही फेस निघालेला दिसेल.

जुन्या, पुन्हा वर येणाऱ्या डागासाठी एक उपाय मला फार भरवशाचा वाटतो. शेवटचं पाणी खेचून झालं की त्या जागेवर कोरड्या पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा, तिच्यावर वजन ठेवा आणि काही तास तशीच राहू द्या. खालचं पाणी वर येताना मळ कापडाच्या टोकाशी थांबण्याऐवजी टॉवेलमध्ये जातो. टॉवेलवर पिवळट किंवा तपकिरी ठसा उमटला तर उपाय लागू पडतोय. टॉवेल बदलून पुन्हा ठेवा.

डागांच्या बाबतीत, तो कशाचा आहे हे ठाऊक असणं अर्धं काम करतं. दूध, रक्त, अंडं, उलटी यांत प्रथिनं असतात. त्यांना गरम पाणी लावलं तर प्रथिनं गोठून धाग्याला धरून बसतात, म्हणून आधी थंड पाणी आणि नंतर एन्झाइमचा क्लीनर, म्हणजे असे डाग तोडणारी एन्झाइम घातलेला. एन्झाइमला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. द्रव जितका खोल उतरला होता तितकाच हा क्लीनरही उतरला पाहिजे, आणि बाटलीवर सांगितलेला पूर्ण वेळ जागा ओलसर राहायला हवी. वर प्लास्टिक झाकून ठेवलं की राहते. त्याआधी जंतुनाशक मारू नका, त्याने एन्झाइमचं काम बिघडू शकतं. लघवीचा वास दमट हवेत पुन्हा पुन्हा येतो, कारण युरिक ॲसिडचे खडे साध्या साबणाने विरघळत नाहीत. तिथेही एन्झाइमच हवं.

चहा आणि काळ्या कॉफीचा रंग सौम्य आम्लाने सुटतो, म्हणजे वरचंच व्हिनेगरचं पाणी. तुमच्या सीटवरची कॉफी दुधाची असेल तर आधी थंड पाणी आणि एन्झाइम, ते धुऊन काढून मग व्हिनेगर. क्रम उलटा करू नका. तेलकट डागाला भांड्यांचा साबण. पेनच्या शाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण ते सीटवर न ओतता फडक्यावर घेऊन, डागाच्या कडेकडून आत येत टिपायचं, नाहीतर शाई पसरते. च्युइंगम प्लास्टिकच्या पिशवीतला बर्फ लावून कडक करा आणि बोथट कडेने उचला.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. उरतं ते बहुतांश पाणी आणि थोडं मीठासारखं क्षार. नुसता कोरडा सोडा हलक्या वासासाठी रात्रभर पसरून ठेवायला ठीक आहे, पण त्याची पूड बारीक असते आणि पूर्ण निघेपर्यंत व्हॅक्यूम करावं लागतं. ओल्या कार्पेटवर तर टाकूच नका, त्याचा लगदा होतो. क्लोरीनचं ब्लीच गाडीत वापरूच नका. रंग उडतो, आणि ते व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू तयार होतो, तोही गाडीच्या बंद जागेत.

पाणी कुठे जाऊ द्यायचं नाही हे डागांपेक्षा महत्त्वाचं आहे. सीटखाली वाकून पाहिलंत तर वायरी आणि जोडण्या दिसतील. पिवळ्या रंगाच्या जोडण्या सहसा एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर फवारायचंही नाही. अनेक गाड्यांत सीटच्या बाजूलाच एअरबॅग असते, चालकाशेजारच्या सीटमध्ये माणूस बसला आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो, काहींमध्ये सीट गरम करणारी तार असते. मधल्या कन्सोलखाली आणि काही गाड्यांत कार्पेटखालीही कंट्रोल युनिट बसवलेले असतात. म्हणून नळी लावून किंवा प्रेशर वॉशरने गाडीच्या आत पाणी मारणं पूर्ण वर्ज्य. सीट काढून धुण्याच्या फंदातही घरी पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जोडणी सुटलेली असताना गाडीची किल्ली फिरवली तरी एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवायला कार्यशाळेत जावं लागू शकतं.

वाफेचं यंत्र उपयोगी आहे, पण एका जागी धरून ठेवलं तर गोंद सैल होतो आणि वाफेचंही शेवटी पाणीच होतं. छताचं अस्तर पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. तिथे ब्रश नाही, थेट फवारणी नाही, फक्त साबणाच्या फेसाने ओलसर केलेलं मायक्रोफायबर हलकं टेकवायचं. जास्त भिजलं की अस्तर सुटून लोंबतं आणि ते परत बसत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर क्लिपने अडकवा, सौम्य साबणाच्या पाण्याने पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. त्याला ब्लीच किंवा कडक रसायन लावलं तर पट्ट्याची ताकद कमी होऊ शकते, आणि तो पट्टा जीव वाचवण्यासाठी आहे. रेक्झिन किंवा लेदरच्या सीट असतील तर ओलसर फडकं, सौम्य क्लीनर, शिवणींसाठी मऊ ब्रश आणि लगेच पुसणं, एवढंच. भोकं असलेल्या लेदरवर थेट फवारलं तर द्रव आतल्या फोममध्ये उतरतो.

वाळवणं हा या कामाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. म्हणून सुरुवातच सकाळी करा, आणि दमट, पावसाळी हवा असेल तर एका दिवशी सगळी गाडी न धुता आज पुढचा भाग, परवा मागचा असं करा. धुऊन झाल्यावर दारं उघडी ठेवून पंखा लावा, हवा एका दारातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर पडेल असा. बंद गाडी नुसती उन्हात उभी केली तर आत वाफ कोंडते आणि ओल एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते; काचा खाली केल्या तर उन्हाचा खरा फायदा होतो. बाहेरची हवाच दमट असेल तर इंजिन चालू करून एसी लावा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. इंजिन मोकळ्या जागेतच चालू ठेवा, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही. कार्पेटची कड जिथे सहज उचलता येते तिथे ती उचलून खाली काहीतरी टेकू ठेवा, फेल्टला हवा लागू द्या. हाताने वरून चाचपण्यावर विसंबू नका. कोरडा कागदी टिश्यू कार्पेटवर ठेवून त्यावर पायाचा पूर्ण भार द्या. तो ओलसर झाला तर अजून वेळ आहे. तोपर्यंत मॅट परत टाकायच्या नाहीत, विशेषतः रबराच्या, कारण त्या ओल झाकून ठेवतात.

एवढं सगळं करूनही कुबट वास राहिला किंवा न धुता कार्पेट ओलं व्हायला लागलं, तर बहुधा पाणी दुसरीकडून कुठूनतरी येतंय. साफसफाई थांबवून आधी ते शोधा. एसी लावल्यावर पुढच्या पायाखालची जागा ओली होत असेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी. पाऊस पडल्यावरच ओल येत असेल तर दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण, दारांचे रबर, आणि सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या तपासा. ओलीला गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर ते हीटरमधून गळणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे, गाडी मेकॅनिककडे न्या. वास फक्त एसी लावल्यावर येत असेल तर कार्पेटचा त्यात दोष नसावा, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) बदलून बघा.

दोन परिस्थितींत मात्र घरी हात घालू नका. आत पेट्रोल सांडलं असेल तर व्हॅक्यूम अजिबात लावू नका, मोटरच्या ठिणगीने वाफ पेट घेऊ शकते. दारं उघडी टाकून गाडी मोकळ्या जागेत ठेवा, आजूबाजूला आग-सिगारेट नको. आणि गाडीत पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल तर वरून धुऊन उपयोग नाही. तिथे सीट आणि कार्पेट बाहेर काढून खालचा फेल्ट बदलावा लागतो, वायरिंग तपासावं लागतं. ती गाडी चालू करून बघण्याआधी टो करून कार्यशाळेत पाठवा.